गुन्हा बादलीचा, शिक्षा वड्याला

दिवाळीच्या दिवसांत आपल्या घराघरांतून एक वाक्य हटकून ऐकू येते. "बाहेरचे काही खाऊ नका रे, घरात एवढे डबे भरले आहेत!" आजी हे वाक्य उच्चारते, आई त्याला दुजोरा देते आणि वडील वर्तमानपत्रातून डोके वर काढून त्यावर शिक्कामोर्तब करतात. मग पाडव्याच्या संध्याकाळी हेच कुटुंब नवे कपडे घालून बाजारपेठेत फिरायला निघते आणि पाणीपुरीच्या गाडीभोवती गोल उभे राहते. दुसऱ्या दिवशी कोणाचे पोट बिघडले, तर घरच्या आठ दिवसांच्या तळणीवर कोणी संशय घेत नाही. गुन्हेगार ठरलेलाच असतो. तो चौकात उभा असतो, त्याच्या हातात झारा असतो आणि त्याला वकील नसतो.

त्याचे वकीलपत्र आज मी घेतो. मात्र हे वकीलपत्र बिनशर्त नाही. अशिलाची उलटतपासणीही मीच घेणार आहे, आणि ती त्याला गोड लागणार नाही. फिर्यादीलाही मी सोडणार नाही. आणि फिर्यादी म्हणजे, सुज्ञ वाचकहो, आपणच.

अलीकडे रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांच्या पाहण्या करण्याची पद्धत पडली आहे. कोणी विद्यार्थी किंवा अधिकारी हातात छापील कागद घेऊन गाड्यांवरून फिरतो. "अन्नाला हात लावण्यापूर्वी हात धुतले पाहिजेत का?" "उघड्या अन्नावर माशा बसल्या तर रोग होतो का?" गाडीवाला म्हणतो, "हो साहेब." मग त्याचे शिक्षण किती ते विचारतात, त्याच्या उत्तरांना गुण देतात आणि ज्ञान इतके टक्के, वृत्ती इतके टक्के, आचरण इतके टक्के असा हिशोब मांडतात. अशा पाहण्यांतून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट निघते: विक्रेत्याला ठाऊक बरेच असते, पण तो वागतो तसे नाही. आणि शेवटी उपाय सुचवलेला असतो, विक्रेत्यांचे प्रबोधन करावे!

मी मास्तर आहे. मुलाला पाढा येत असूनही त्याचे गणित चुकत असेल, तर त्याला पुन्हा पाढाच घोकायला लावणारा मास्तर मूर्ख समजला जातो. चूक कुठे आहे ते पाहण्यासाठी त्याच्या पाटीवर वाकावे लागते. "हात धुवावेत का?" या प्रश्नाला आजवर पृथ्वीतलावर कोणी "नाही" म्हटले नसेल. विचारायला हवा तो प्रश्न दुसराच आहे: "बाबा रे, तू हात धुतोस कुठे?"

ज्ञान आणि आचरण यांच्यातली ही फारकत अडाण्यांचीच मिरासदारी आहे असेही कोणी समजू नये. 1847 साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने आपल्या सहकाऱ्यांना सांगितले की, प्रेते फाडलेले हात क्लोरीनच्या द्रावणाने धुतल्याशिवाय बाळंतिणीला लावू नका. हात धुतले गेले तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. तरीही युरोपातल्या मोठमोठ्या वैद्यांनी त्याला वेड्यात काढले, आणि 1865 साली तो बिचारा वेड्यांच्या इस्पितळातच मेला. पदव्यांची कमतरता त्या वैद्यांना नव्हती. मी स्वतः मॅट्रिकपुढे गेलेलो नाही; तेव्हा शिक्षण आणि शहाणपण यांची गाठ किती सैल असते, हे मला कोणी शिकवायला नको.

आता खटल्याकडे वळू. आरोप आहे वड्यावर. तो उकळत्या तेलातून आपल्या डोळ्यांदेखत बाहेर येतो. त्या तेलाची उष्णता पाण्याच्या उकळीपेक्षा कितीतरी जास्त असते. तिच्यात रोगजंतू टिकत नाहीत. गरमागरम वडा, कढईतली भजी, तव्यावरून थेट बशीत आलेली अंडाभुर्जी ही बहुतेक वेळा निर्दोष असतात. गुन्हा घडतो तो त्यानंतर. सकाळी वाटलेली चटणी, दुपारी चिरून उघडा ठेवलेला कांदा, पाणीपुरीचे पाणी, उसाच्या रसातला बर्फ आणि या सर्वांची म्होरकी असलेली ती बादली! जिच्यात सकाळपासून शंभर बशा बुचकळून निघाल्या आणि जिच्या पाण्याला आता तर्रीचा रंग आला आहे, ती बादली. त्या बादलीजवळचे ओले फडके तिचे साथीदार.

शाळेतल्या मुलांना मी एक गणित घालतो. जंतूंना ऊब, ओल आणि अन्न मिळाले की काही जातींचे जंतू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. मग एका जंतूचे चार तासांत किती? बारा वेळा दुप्पट करायचे. उत्तर येते चार हजार शहाण्णव. सकाळी आठला वाटलेल्या चटणीत एकच नव्हे, हजार जंतू शिरले असतील तर दुपारी बाराला किती, ते वाचकांनीच काढावे. अन्न पाच अंशांच्या खाली थंड किंवा साठ अंशांच्या वर गरम असेल, तर ही वाढ थोपते. मधला सगळा पट्टा धोक्याचा; आणि चैत्र-वैशाखात आमच्या शिरूर-दौंडची हवा दिवसभर त्याच पट्ट्यात असते.

संत तुकारामांची पालखी दौंड तालुक्यातून जाते, तेव्हा यवतला वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात. हजारोंची पंगत! पण पिठले चुलीवरचे, भाकरी नुकतीच तव्यावरून उतरलेली, वाढायला उशीर नाही. आपल्या आयाबायांना जंतूशास्त्र ठाऊक नसेल, पण गरम करावे आणि गरमच वाढावे, हे शास्त्र त्यांना परंपरेने ठाऊक आहे. गाडीवाल्यालाही ते ठाऊक आहे. त्याचे घोडे अडते ते पाण्यापाशी.

हा हिशोब कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. समजा, एका गाडीवर दिवसाला दोनशे बशा जातात. साबण लावून दोन पाण्यांनी बशी धुवायची, तर कितीही काटकसर केली तरी लिटरभर पाणी लागते. झाले दोनशे लिटर. हात, चमचे, पळ्या आणि फडकी यांना आणखी पन्नास. म्हणजे वीस लिटरचे बारा-तेरा डबे! गाडीच्या खणात दोन डब्यांची जागा, आणि नळ फर्लांगभर दूर, तोही कोणाच्या तरी मेहेरबानीचा. बरे, आणले पाणी, धुतल्या बशा. ते खरकटे पाणी टाकायचे कोठे? रस्त्यावर टाकले तर दुकानदार शिव्या देतो. म्हणून ते बादलीतच राहते आणि त्याच बादलीत पुढची बशी जाते. या माणसाला "स्वच्छतेचे महत्त्व" या विषयावर व्याख्यान देणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे पुस्तक फेकून मारणे होय.

शिरूरच्या मोटारस्थानकापाशी किंवा नगर रस्त्यावर उभे राहून पाहा. रांजणगावच्या कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा शेकडो तरुण कामगार भुकेले बाहेर पडतात. खोलीवर चूल नाही, घर दूर लातूर-बीडकडे किंवा बिहारात. त्यांचे स्वयंपाकघर म्हणजे ही गाडी. दौंडला तर रेल्वेनेच हा धंदा उभा केला. मनमाडकडून येणाऱ्या गाड्या पुण्याकडे न्यायच्या, तर दौंडला इंजिन काढून उलट बाजूला जोडावे लागे. तेवढ्या थांब्यात वडा आणि चहा खपत असे. पुढे कॉर्ड लाईन झाली, काही गाड्या गावाबाहेरूनच वळू लागल्या, आणि कोणाच्या तरी वेळेची बचत झाली ती दुसऱ्या कोणाच्या तरी गल्ल्यातून. अशा गाडीवर एक माणूस उभा दिसतो, पण तिच्यामागे घरी पहाटे चार वाजता कांदा चिरणारी बायको असते आणि बटाटे सोलून मग शाळेत येणारी पोरे असतात. ती पोरे माझ्या वर्गात डुलक्या घेतात, म्हणून हे मला ठाऊक.

आणि पाण्याची गोष्ट निघालीच आहे तर पुढेही बोलू. मुळा-मुठा पुण्यातून निघते ती पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसपाशी ती भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढे दौंडवरून उजनीकडे जाते. लाखो लोकांची घाण ज्या नदीत सोडली जाते, त्या नदीच्या काठच्या माणसाला त्याच्या एका बादलीबद्दल जाब विचारायचा! 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागात गिया-बारे नावाच्या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. राज्यात दोनशेहून अधिक रुग्ण झाले, काही दगावले. त्या दिवसांत लोकांनी प्रथम काय केले? गाड्यांवर जाणे बंद केले. अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि संशयाचे मोठे बोट वळले ते पाण्याकडे. पाणी उकळून प्या, असे सांगण्याची पाळी एवढ्या मोठ्या शहरावर आली. तोवर भेळवाल्याचा महिना बुडून गेला होता. त्याची नुकसानभरपाई कोणी दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता अशिलाची उलटतपासणी. कारण गरिबी ही अनेक गोष्टींची सबब असते, सगळ्या गोष्टींची नसते.

ज्या हाताने नोट घेतोस, त्याच हाताने पुरी फोडतोस; चिमट्याला किती पैसे पडतात? काल उरलेली चटणी आजच्या चटणीत मिसळतोस. ती फेकली तर किती नुकसान होते, आणि तिने एक मूल आजारी पडले तर किती? बोटाला कापले असताना चिंधी गुंडाळून कणीक मळतोस. त्या जखमेतल्या जंतूंचे विष अन्न पुन्हा उकळले तरी नाहीसे होत नाही, हे तुला कोणी सांगितले नसेल, तर आज मी सांगतो. काळे पडलेले, फेस येणारे तेल तू पुन्हा कढईत ओततोस; वारंवार तापलेल्या तेलाला 2018 पासून कायद्याने मर्यादा घातली आहे, पण तुझ्या नाकाला ती त्याआधीच कळत होती. जिलबीला पिवळाधमक रंग येण्यासाठी कापडाला लावायचा रंग वापरणारा जो कोणी असेल, त्याचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. त्याने तुरुंगातच जावे. आणि 2018 सालीच महाराष्ट्रात, खाण्याचा नसलेला बर्फ निळा करावा, असा नियम आला, तो तुझ्या रसवंतीसाठीच. मासळी झाकायचा बर्फ रसाच्या पेल्यात घालून वर घुंगरे वाजवलीस, तरी घशात जायचे ते जातेच.

आणि तो छापील कागद! वर्तमानपत्राच्या शाईत घातक द्रव्ये असतात आणि गरम, तेलकट पदार्थात ती उतरतात, म्हणून वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास बंदी आहे. 2018 च्या वेष्टनविषयक नियमांत ती स्पष्ट लिहिली आहे. आम्हा लेखकांना या बंदीचे दुःख व्हावे. पुस्तकांच्या दुकानात जे वाचक लाभत नाहीत, ते भज्यांच्या पुडीवर लाभतात. माझ्याही गोष्टीचे एक पान एकदा मला असेच तेलाने पारदर्शक झालेले भेटले. पण त्या पानासाठी कोणाचे यकृत खराब व्हावे, एवढी माझी प्रतिभा मोठी नाही. पळसाच्या पानांचे द्रोण आपल्याकडे मिळतात. ते वापर.

एवढे अशिलाला. आता फिर्यादीची पाळी.

आपल्या समाजात स्वच्छतेची कल्पना फार दिवस सोवळ्याच्या खुंटीला टांगलेली होती. सोवळ्यात हात कोणाचा हे पाहतात. स्वच्छतेत हात कसा आहे हे पाहायचे असते. गाडीवाल्याविषयी आपल्याला वाटणाऱ्या किळसेतला किती भाग जंतूंच्या भीतीचा आणि किती भाग त्या जुन्या खुंटीचा, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी तपासावे. जंतू जात पाहत नाही, भक्तीही पाहत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहात एकादशीचा भगरीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसे आजारी पडली. खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा उघड्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. तेथे हातगाडी नव्हती. तेथे श्रद्धा होती, सेवा होती, आणि तरीही अन्न बिघडले. त्यानंतर कोणी म्हटले का, की देवळातले प्रबोधन वाढवा?

शिवाय गाडीपुढे उभे राहून आपण कोणती वृत्ती दाखवतो? वडा दोन रुपयांनी महाग केला, तर आपण शेजारच्या गाडीवर जातो. शेजारचा दोन रुपये वाचवतो ते तेलातून, पाण्यातून आणि पोराच्या मजुरीतून, हे आपल्याला ठाऊक असते. "बशी नीट धू रे" असे म्हणणारा गिऱ्हाईक मी क्वचित पाहिला. "शेव अजून टाक रे" म्हणणारे रोज पाहतो. गिऱ्हाईक जे मागते तेच बाजारात येते. आपण शेव मागितली, आपल्याला शेव मिळाली.

राहता राहिले सरकार. कायद्यांचे म्हणाल तर ते भरपूर आहेत. 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा गेला आणि 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. 2011 च्या नियमांनी लहानातल्या लहान विक्रेत्यालाही वर्षाला शंभर रुपये भरून नोंदणी करायला सांगितले आणि पिण्यायोग्य पाणी वापरण्याचे बंधन घातले. बंधन घातले त्याच्यावर. ते पाणी त्याला पुरवण्याचे बंधन त्याच नियमांत कोणावर घातलेले मला दिसले नाही! 2014 साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला आणि तो खरोखर चांगला आहे. गावोगाव नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात. पाहणी होऊन दाखले मिळेपर्यंत कोणाला हुसकावू नये. हलवायचेच तर तीस दिवसांची नोटीस द्यावी. हे सगळे कायद्यात आहे. गंमत अशी की, रेल्वेच्या हद्दीला हा कायदा लागू नाही. म्हणजे दौंडसारख्या रेल्वेच्या गावात कायदा स्टेशनाच्या फाटकापाशी येऊन थांबतो, आणि गिऱ्हाईक तर फाटकाच्या आत असते.

जागेची ही शाश्वती आणि स्वच्छता यांचे नाते लोकांच्या ध्यानात येत नाही. ज्याला संध्याकाळी आपली गाडी येथे असेल की पालिकेच्या ट्रकमध्ये याची खात्री नाही, तो ओटा कशाला बांधील, नळजोड कशाला मागील, झाकणाचे पिंप कशाला घेईल? बिऱ्हाड उद्या हलणार असेल तर आपणही भिंतीला रंग देत नाही. 2023 साली केंद्र सरकारने देशात शंभर आरोग्यदायी खाऊगल्ल्या उभारण्याचे ठरवले, प्रत्येकीला एक कोटी रुपये. चांगले झाले. पण शिरूरला आणि दौंडला कोटीची गल्ली नको आहे. दहा गाड्यांमागे एक नळ, एक मोरी, एक कचराकुंडी आणि चालण्याच्या अंतरावर एक स्वच्छतागृह हवे आहे. त्यातही स्वच्छतागृह आधी. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत गाडीवर उभी राहणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही ती का, हा प्रश्न त्या पाहणीच्या छापील कागदावर अजून आलेला नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे होईपर्यंत आम्ही खावे की नाही? खावे, पण डोळे उघडे ठेवून खावे. समोर तळलेले, वाफ निघणारे खावे. चटणीचा वास घ्यावा. बादली पाहावी आणि वडा द्रोणात मागावा. बर्फ नको म्हणावे. जो चिमटा वापरतो, हात धुतो आणि पिंपावर झाकण ठेवतो, त्याच्याकडे दोन रुपये जास्त देऊन जावे आणि का जातो ते शेजारच्याला ऐकू जाईल असे सांगावे. दहा व्याख्यानांनी होणार नाही ते या दोन रुपयांनी होईल. आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत मते मागायला कोणी दारात आला, तर त्याला एकच विचारावे: आपल्या गावातली पथविक्रेता समिती शेवटची केव्हा बसली?

हा पोटभरू लोकांचा चिल्लर प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एक आकडा देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली काढलेल्या अंदाजाप्रमाणे दूषित अन्नाने जगात वर्षाला साठ कोटी माणसे आजारी पडतात आणि चार लाख वीस हजार मरतात. त्यांतली सव्वा लाख पाच वर्षांखालची मुले असतात. ज्या मुलाला आपण पाडव्याला बोट धरून गाडीवर नेतो, त्याच वयाची. गाडीमागे खोक्यात झोपलेले गाडीवाल्याचे मूलही त्याच वयाचे असते, आणि तेही तेच पाणी पिते.

गाडगेबाबा गावात आले की प्रथम खराटा हाती घेत आणि गाव झाडीत. कीर्तन रात्री होई. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आम्ही तो उलटा केला. कीर्तन आधी, खराटा कधीच नाही. गाडीवाल्याला शिकवायला माझी ना नाही. शिकवणे हा तर माझा धंदाच आहे, आणि पालिकेने बोलावले तर मी फुकट शिकवायला जाईन. पण वर्ग जेथे भरेल, तेथे आधी एक नळ असावा, आणि त्याला पाणी असावे.